अर्धवट कादंबऱ्या, गोळ्या आणि ‘कोरडी’ नायिका

वाचकांचे प्रश्न, लेखिकेची उत्तरं

चाळिशी उलटल्यावर मला एडीएचडी (अवधान टिकवणं अवघड जाणं, चंचलपणा) आणि ऑटिझम (लोकांशी संवाद आणि संवेदना यांबाबत मेंदूची वेगळी घडण) अशी दोन्ही निदानं मिळाली, असं मागच्या अंकात या सदरात लिहिलं आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. बहुतेक पत्रं बायकांची आहेत. त्यातल्या बऱ्याच जणी माझ्यासारख्याच बायकांच्या आयुष्यावर कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या. त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. मी डॉक्टर नाही. औषधोपचारांबद्दल मी जे लिहिते ते डॉक्टरांकडे जाण्याआधीची तयारी म्हणून वाचा.

प्रश्न : ताई, माझ्याकडे तीन कादंबऱ्या अर्धवट पडल्या आहेत. सुरुवातीला तहान-भूक विसरून लिहिते. शंभरेक पानं झाली की एकाएकी ती फाइल उघडवतच नाही. नुकतंच मुलीला एडीएचडीचं निदान झालं. तिच्या तपासणीत डॉक्टर जे जे विचारत होते ते सगळं मला माझ्याबद्दलच वाटत होतं. पण मी तर शाळेत हुशार, शांत मुलगी होते. नवरा म्हणतो, तुला शिस्त नाही, आता निमित्त शोधू नकोस. या वयात तपासणी करून काय मिळणार?

उत्तर : तपासणी करून घ्या. मुलांच्या निदानातून आईला स्वतःचा उलगडा होणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून तो ७० ते ८० टक्क्यांच्या घरात येतो. मुलीसमोर बसून तुम्हाला स्वतःची शाळा आठवली, त्यात निमित्त शोधण्यासारखं काही नाही.

‘हुशार, शांत मुलगी’ या तीन शब्दांत पिढ्यान् पिढ्या मुली हरवल्या आहेत. एडीएचडी म्हटलं की बाकावरून उड्या मारणारा मुलगा डोळ्यांसमोर येतो. चंचलपणा दिसत नसतानाही अवधानाची अडचण असू शकते, याची स्वतंत्र नोंद अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८० च्या आवृत्तीत झाली. तरीही खिडकीबाहेर बघत बसणारी, वह्या हरवणारी, परीक्षेच्या आदल्या रात्री सगळं वाचून पहिल्या पाचांत येणारी मुलगी कुणाच्या नजरेत भरली नाही. तिचा कुणाला त्रास होत नव्हता. तिला स्वतःला किती त्रास होतो, हे कुणी विचारलं नाही. या गोष्टीचा मला आजही राग येतो.

तपासणीला जाताना थोडी तयारी करा. त्याच पुस्तिकेच्या २०१३ पासूनच्या निकषांनुसार लक्षणांची सुरुवात वयाच्या बाराव्या वर्षाआधीची असावी लागते आणि ती एकापेक्षा जास्त ठिकाणी, म्हणजे घरी, कामावर, नातेसंबंधांत दिसावी लागतात. प्रौढांमध्ये अवधानाच्या किंवा चंचलपणाच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच असावी लागतात. म्हणून जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर शोधा. गुण सोडून द्या, शिक्षकांचे शेरे वाचा. तुम्हाला लहानपणी पाहिलेलं कुणी मोठं माणूस असेल तर त्यांच्याशी बोला. आणि नवऱ्याला बरोबर न्या. तुमच्यासोबत राहणाऱ्या माणसाचं निरीक्षण डॉक्टरांना उपयोगी पडतं, शिवाय तुमच्यापेक्षा तिऱ्हाइताच्या तोंडून ऐकलेलं त्यांना कदाचित पटेल.

थायरॉइड, लोह, झोप यांचीही तपासणी मागून घ्या. नैराश्य, दीर्घ चिंता किंवा झोपेत श्वास अडकण्याचा विकार यांमुळेही लक्ष लागत नाही. रजोनिवृत्तीच्या आसपासच्या वर्षांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक खाली-वर होतं तेव्हा शब्द न आठवणं, विसरभोळेपणा हे तर फार बायका अनुभवतात, आणि ज्यांना आधीपासून एडीएचडी आहे त्यांना ते आणखी जड जातं. समजा निदान ‘नाही’ असं आलं, तरी दुसरं काहीतरी सापडेल आणि त्यावर उपाय होईल.

आता कादंबऱ्यांकडे येऊ. शंभर पानांच्या आसपास काय होतं ते मला आतून माहीत आहे. नावीन्य संपलेलं असतं आणि शेवट अजून फार लांब असतो. आपल्यासारख्या मेंदूला दूरच्या बक्षिसाची ओढ लागत नाही. त्यात शंभर पानांमध्ये माणसं, तारखा, अर्धवट सोडलेले धागे इतके साठलेले असतात की ते सगळं डोक्यात एकदम धरून ठेवता येत नाही. फाइल उघडायची म्हणजे ते सगळं पुन्हा उचलायचं, आणि त्या ओझ्याच्या नुसत्या कल्पनेनेच हात मागे येतो.

म्हणून ओझं डोक्यातून बाहेर काढा. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक मोठा कागद असतो. त्यावर प्रत्येक पात्राला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही, एवढंच लिहिलेलं असतं. स्त्रियांच्या नात्यांवरच्या कादंबरीत सगळा ताण तिथेच असतो, थोरलीला काय कळलंय आणि धाकटीने काय लपवलंय. रोज उठण्याआधी पुढच्या प्रसंगाची एक ओळ लिहून ठेवते. खोलीत कोण आहे आणि कोणाला काय हवंय, इतकंच. दुसऱ्या दिवशी ती ओळ वाचून थेट तिथून सुरू करते. पहिल्या पानापासून वाचत यायची मी स्वतःला मनाई केली आहे. तसं करायला गेलं की पहिली वीस पानं घासूनपुसून लख्ख होतात आणि एकशे एकावं पान कधीच येत नाही.

क्रमाने लिहिण्याची सक्ती कुणी केली आहे? शेवटाकडचं भांडण आज तुमच्या डोक्यात पेटलेलं असेल तर आज तेच लिहा. मधली जागा तारांकित करून सोडा. एखादी लेखिका मैत्रीण असेल तर ठरलेल्या वेळी दोघींनी फोनवर कॅमेरा लावून आपापलं लिहीत बसा. बोलायचं नाही, फक्त सोबत बसायचं. याला ‘बॉडी डबलिंग’ म्हणतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण माझ्या शेवटच्या दोन्ही कादंबऱ्यांचा मधला भाग असाच उतरला.

एका बाबतीत मात्र सावध करते. तहान-भूक विसरून लिहिण्याचे ते सुरुवातीचे दिवस तुम्हाला सोन्यासारखे वाटत असतील. त्या हायपरफोकसमध्ये झोप बुडते, जेवणाची आठवण राहत नाही आणि मग शरीर सगळं व्याजासकट वसूल करतं. शंभराव्या पानावर जे बंद पडतं त्यात त्या जागरणांचाही हात असतो. उत्साहाच्या दिवसांतही घड्याळाचा गजर लावा आणि वाक्य अर्धं असलं तरी उठा. अर्धं वाक्य दुसऱ्या दिवशी आत शिरायला फार सोपं असतं.

आणि शिस्तीबद्दल. कोऱ्या कागदावरून शंभर पानांपर्यंत तुम्ही तीनदा गेलात. शिस्त नसलेल्या माणसाकडून हे होत नाही. तुम्हाला वेगळ्या बांधणीची पद्धत हवी आहे आणि ती शोधायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

प्रश्न : लहानपणी माझ्यावर झालेल्या अत्याचारावर आधारलेली कादंबरी लिहिते आहे. प्रकाशकाने करार केला आहे. सगळे म्हणतात, लिही, मोकळी होशील. पण लिहायला बसलं की रडू आवरत नाही, झोप लागत नाही आणि हल्ली रात्री वाटतं, आपण नसतो तर बरं झालं असतं. हे लेखनाचं दुखणं आहे का?

उत्तर : मैत्रिणी, तुमचं शेवटून दुसरं वाक्य आजच्या आज एका माणसाला मोठ्याने सांगा. मनोविकारतज्ज्ञ, तुमचे नेहमीचे डॉक्टर, विश्वासाची बहीण, मैत्रीण, कुणीही. रात्री ते विचार दाटून आले तर एकटीने पहाट होण्याची वाट बघू नका. मदतवाहिनीला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. ज्या वस्तूंनी इजा करून घेता येईल त्या दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्या. ‘एवढं काही नाही’ असं म्हणून हे पुढे ढकलू नका. तुम्ही मला लिहिलंत म्हणजे तुमच्यातल्या एका भागाला मदत हवी आहे. त्या भागाचं ऐका.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : नाही. हे लेखनाचं दुखणं नाही. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. माझ्यासारखीचा ऑटिझम किंवा एडीएचडी ही मेंदूची घडण असते, तिला जागा करून द्यायची असते. नैराश्याला आणि आघाताच्या परिणामांना जागा करून द्यायची नसते, त्यांवर इलाज करायचा असतो. बायकांच्या बाबतीत लोक या दोन्हींना ‘स्वभाव’ म्हणून मोकळे होतात, आणि लिहिणारी बाई असली की ‘संवेदनशील मन’ म्हणतात. हे शब्द ऐकून गप्प बसू नका.

‘लिही, मोकळी होशील’ या सल्ल्यामागे थोडं तथ्य आहे. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी आपल्या दुखऱ्या अनुभवांबद्दल सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहिलं. पुढच्या महिन्यांत त्यांच्या आरोग्यकेंद्राच्या फेऱ्या कमी झाल्या. पण लिहून झाल्या झाल्या त्यांना जास्तच वाईट वाटत होतं, हेही त्याच अभ्यासात आहे. चार दिवस, पंधरा मिनिटं, आणि लिहिणारे महाविद्यालयीन विद्यार्थी. तुम्ही महिनोन् महिने, तासन् तास, प्रत्येक वाक्य कलात्मक करण्यासाठी त्याच खोलीत पुन्हा पुन्हा जाताय. या दोन गोष्टी एक नाहीत. कादंबरीला उपचार समजू नका, आणि उपचार कादंबरी संपल्यावर घेऊ असंही म्हणू नका.

तूर्त हस्तलिखित बाजूला ठेवा. प्रकाशकाला दोन ओळी पुरेत : ‘प्रकृतीच्या कारणाने मला मुदत वाढवून हवी आहे. नवी तारीख अमुक दिवसापर्यंत कळवते.’ आजाराचं नाव सांगायला तुम्ही बांधील नाही. ही दोन ओळींची ईमेलही लिहवत नसेल तर कुणाला तरी शेजारी बसवून लिहून घ्या. आघातावर काम करणारे समुपदेशक गाठा आणि कादंबरीबद्दल त्यांना पहिल्याच भेटीत सांगा. कधी परतायचं, ते त्यांच्याबरोबर ठरवा. परतल्यावरही तो भाग रात्री लिहू नका, लिहिण्याची वेळ संपल्यावर लगेच कुणाशी तरी बोलणं ठरलेलं असू द्या, आणि जे प्रसंग लिहायचे नाहीत ते लिहू नका. आपल्यावर जे झालं ते सगळं वाचकाला देण्याचं कर्ज तुमच्यावर नाही.

प्रश्न : बायपोलर विकारासाठी (मन कधी अनावर तेजीत, कधी नैराश्यात जातं) मला लिथियम हे औषध सुरू आहे. मन स्थिर आहे, घर सावरलं आहे, पण वाक्यांमधली वीज गेली. माझी सगळ्यात जास्त वाचली गेलेली कादंबरी तेजीच्या झटक्यात लिहिलेली होती. औषध काही महिने थांबवून पुस्तक पूर्ण करावं आणि मग पुन्हा सुरू करावं, असं मनात येतं.

उत्तर : स्वतःच्या मनाने थांबवू नका. लिथियम एकदम बंद केल्यावर आजार उलटण्याचा धोका मोठा असतो आणि आत्महत्येचाही धोका वाढतो. ते ‘काही महिने’ तुमच्या हातात राहतील याची हमी कुणी देऊ शकत नाही.

तुमची तक्रार मात्र मी खरी मानते. लिथियमच्या उपचारांना जगभर मान्यता मिळवून देण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या मोगेन्स शौ या डॅनिश मनोविकारतज्ज्ञांनी हाच प्रश्न कलावंतांना विचारला होता. १९७९ मध्ये त्यांनी लिथियम घेणाऱ्या २४ कलावंतांची हकिकत प्रसिद्ध केली. बारा जणांनी सांगितलं की काम वाढलं. सहा जणांना फरक जाणवला नाही. उरलेल्या सहा जणांनी सांगितलं की काम कमी झालं. अभ्यास लहान आहे, त्यावरून तुमचं भविष्य सांगता येणार नाही. पण औषध म्हणजे लेखणीचा अंत, ही समजूत त्यातून टिकत नाही. आणि कमी झाल्याचं सांगणारे ते सहा जणही होते. तुम्ही त्यांच्यातल्या असाल तर डॉक्टरांनी ते ऐकून घ्यायलाच हवं.

त्यांना ‘बरं वाटत नाही’ असं मोघम सांगू नका. ‘पूर्वी मी दिवसाला इतकं लिहीत असे, आता वाक्य पूर्ण व्हायला इतका वेळ लागतो, शब्द आठवत नाहीत, वाचलेलं लक्षात राहत नाही’ असं नेमकं लिहून न्या. रक्तातली लिथियमची पातळी तपासता येते. ती मर्यादेत असूनही तुम्हाला जास्त पडत असेल तर मात्रेचा विचार डॉक्टर करू शकतात. लिथियममुळे थायरॉइडचं काम मंदावू शकतं आणि मंद थायरॉइडने डोकंही जड होतं, म्हणून ती चाचणी झाली आहे का ते विचारा. दुसरी औषधंही आहेत. आणि जे तुम्हाला कोरडेपण वाटतं आहे तो आधीच्या नैराश्याचा उरलेला भाग तर नाही ना, हेही पाहून घ्यायला हवं.

ती गाजलेली कादंबरी तेजीत लिहिली म्हणता. पहिला खर्डा तेजीत लिहिला असेल. पण प्रकरणांची उलटापालट, कापाकापी, नायिकेच्या आईचं पात्र पुन्हा उभं करणं, मुद्रितं तपासणं, हे सगळं कोणी केलं? तेजीत कुणाला मुद्रितं तपासता येत नाहीत. त्या पुस्तकाचा मोठा भाग ज्या स्थिर बाईने केला तीच आज लिहायला बसते आहे. नॅन्सी आंद्रेसन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंच्या १९८७ च्या अभ्यासाचा दाखला देऊन ‘लेखक आणि आजार यांचं नातंच आहे’ असं सांगतात. त्यातल्या ३० लेखकांपैकी ८० टक्क्यांच्या आयुष्यात मनःस्थितीचा विकार होऊन गेला होता हे खरं. पण लेखक मोजके, बहुतेक पुरुष, आणि मुलाखत घेणाऱ्यांना कोण लेखक आहे ते आधीच ठाऊक. आजार पुस्तकं लिहितो असा निष्कर्ष तर त्यातून निघतच नाही. लेखन होतं ते मन ताळ्यावर असताना, असंच त्या लेखकांचं सांगणं होतं.

उलट्या टोकाचा धोकाही सांगायला हवा. १८८७ मध्ये शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकन लेखिकेला बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी सिलास वीअर मिचेल या नामांकित डॉक्टरकडे नेलं. त्यांनी ‘विश्रांतीचा उपचार’ दिला आणि घरी पाठवताना सांगितलं की घरात रमा, दिवसात बौद्धिक काम जास्तीत जास्त दोन तास करा आणि जन्मात पुन्हा पेन, ब्रश किंवा पेन्सिलीला हात लावू नका. काही महिने तिने ते पाळलं आणि ती वेड लागण्याच्या उंबरठ्यावर पोचली. मग तो सल्ला झुगारून ती कामाकडे परतली, आणि त्या अनुभवावरची तिची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा १८९२ मध्ये आली. ही हकिकत औषधांविरुद्ध वापरली जाते ते मला मान्य नाही. तिच्यापासून काढून घेतलं गेलं ते काम. तुम्ही डॉक्टरांकडे दोन्ही मागा, स्थिर मन आणि चालती लेखणी. ‘लिखाण सोडा, ताण कमी होईल’ एवढंच सांगणारे डॉक्टर भेटले तर दुसरं मत घ्या. गोळी मात्र तोवर चालू ठेवा.

प्रश्न : डोळे मिटल्यावर मला काहीच दिसत नाही. पात्राचा चेहरा, घर, काही नाही. इतरांना खरंच ‘दिसतं’ हे मला आत्ता कळलं. मग मी लेखिका कशी?

उत्तर : आहात तशाच. याला अफँटेझिया म्हणतात. हे नाव ॲडम झेमन या ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दिलं, पण असे लोक असतात हे फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्येच नोंदवलं होतं. हा आजार नाही. तुम्ही आजवर लिहिलेल्या पात्रांचे आवाज, त्यांच्या चाली, त्यांच्यातले अबोले यावर तुमचा हात बसलेला असणार. तो सोडू नका. जागेचं वर्णन लागेल तिथे छायाचित्र समोर ठेवा. आणि वाचकाला चेहरा स्वतःच्या मनाने घालू द्या, बहुतेक वाचकांना ते आवडतं.

प्रश्न : मी ऑटिस्टिक आहे, निदान दोन वर्षांपूर्वीचं. माझ्या कादंबरीतली नायिका आईच्या मृत्यूनंतर रडत नाही, ती कपाट आवरते. संपादकांचं म्हणणं, नायिका कोरडी आहे, बायका-वाचक तिच्याशी जोडल्या जाणार नाहीत, तिला एका मैत्रिणीजवळ मन मोकळं करायला लावा. मी तसं लिहिलं, पण ते प्रकरण मला खोटं वाटतं. शिवाय प्रकाशन समारंभाच्या नुसत्या विचाराने माझी झोप उडाली आहे.

उत्तर : ते प्रकरण काढून टाका.

ऑटिझमबद्दल जे पहिलं गाजलेलं लेखन झालं त्यात बायका जवळपास नव्हत्या. लिओ कॅनर या मनोविकारतज्ज्ञांच्या १९४३ च्या लेखात ११ मुलं होती, त्यात मुली तीन. हान्स ॲस्पर्गर या ऑस्ट्रियन डॉक्टरांच्या १९४४ च्या लेखातली चारही मुलगेच. त्यांच्या आधी, १९२० च्या दशकात, ग्रुन्या सुखारेवा या सोव्हिएत मनोविकारतज्ज्ञ बाईने अशा मुलग्यांबद्दल आणि मुलींबद्दलही लिहून ठेवलं होतं. त्या लेखनाकडे पुढे कित्येक दशकं कुणी फारसं पाहिलं नाही. म्हणजे तुमच्या नायिकेसारखी मुलगी तेव्हाही होती, नोंदलेलीही होती. कथा-कादंबऱ्यांत ती आली ती बहुधा दुय्यम पात्र म्हणून, विचित्र वहिनी किंवा तुसडी शिक्षिका. तुम्ही तिला मध्यभागी आणलं आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ. त्यांनी २०१२ मध्ये ‘डबल एम्पथी प्रॉब्लेम’ अशी मांडणी केली. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही, असं एकतर्फी म्हटलं जातं. प्रत्यक्षात न कळणं दोन्हीकडचं असतं. तुमच्या संपादकांना नायिकेचं दुःख दिसलं नाही, याचा अर्थ ते पानावर नाही असा लगेच होत नाही.

आता तुमची बाजू घेतल्यावर लेखिका म्हणून एक प्रश्न विचारते. ती कपाट आवरते तेव्हा काय आवरते? कोणती वस्तू दोनदा हातात घेते, कोणती घडी मोडून पुन्हा घालते, कोणत्या कप्प्याला हात लावत नाही? ऑटिस्टिक लोकांपैकी बऱ्याच जणांना भावना आधी शरीरात जाणवते, तिचं नाव नंतर सापडतं, कधी काही दिवसांनी. माझंही तसंच आहे. दुःख झालं की मला आवाज सहन होत नाहीत, कपड्याची शिवण टोचते, आणि ‘हे दुःख आहे’ हे मागाहून कळतं. तुम्हाला जे आतून माहीत आहे ते कदाचित तुम्ही पानावर उतरवायचं राहिलं असेल, कारण तुमच्यासाठी ‘ती कपाट आवरते’ एवढ्यात सगळं आलं. जी वाचक तशी नाही तिला अजून चार वाक्यं लागतील. ती चार वाक्यं द्या, अश्रू देऊ नका. संपादकांना सांगा की ‘कोरडी’ एवढा शेरा पुरत नाही, कोणत्या पानावर आपला तिच्याशी धागा तुटला त्या जागांवर खूण करून द्या. चांगला संपादक हे आनंदाने करतो. आणि तुमच्यासारखीच घडण असलेल्या एक-दोघींना हस्तलिखित वाचायला द्या. त्यांना ती कोरडी वाटली नाही तर तुमच्या हातात संपादकांशी बोलायला काहीतरी ठोस असेल.

नायिकेला ऑटिझमचं नाव द्यायचं की नाही, हा सर्वस्वी तुमचा निर्णय. जिचं निदानच झालेलं नाही अशी बाई स्वतःकडे त्या नावाने बघणार नाही, एवढं ध्यानात ठेवा.

समारंभाबद्दल आधीच लेखी ठरवून घ्या. प्रश्न आदल्या आठवड्यात हातात हवेत. मंचावर बसण्याची वेळ ठरलेली हवी. आधी आणि नंतर अर्धा तास एकटं बसता येईल अशी खोली हवी. उपस्थितांचे प्रश्न चिठ्ठीवर यावेत. स्वाक्षऱ्या आधीच करून ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी मुलाखत ठेवू नये. हे मागण्यासाठी निदान जाहीर करावं लागत नाही, ‘मी अशा पद्धतीने चांगलं बोलू शकते’ एवढं पुरेसं आहे. मी प्रत्येक पुस्तकाच्या वेळी हे मागते, आणि मला स्पष्ट नकार फार कमी वेळा मिळाला आहे. जिथे मिळाला तिथे मी लेखी मुलाखत दिली आणि पुस्तकाचं त्याने काही बिघडलं नाही. तिथे जाऊन तीन तास हसतमुख राहिलात तर लोकांना तुम्ही ठीक दिसाल, आणि पुढचे दोन आठवडे तुमच्याने एक ओळ लिहवणार नाही. या मास्किंगचा, म्हणजे आपली घडण झाकून इतरांसारखं वागण्याचा, खर्च पुढच्या पुस्तकातून जातो. तेव्हा संपादकांना खुणांची ईमेल पाठवाल त्यातच समारंभाच्या अटीही लिहा. दोन्ही एकदम मागितल्या की दुसऱ्यांदा धीर गोळा करावा लागत नाही.